देवाच्या ताटात कोणाच्या शेताचे अन्न?

गोमंतकातील देवळांच्या पंक्तीत खतखते नाही असे सहसा होत नाही. खतखते म्हणजे या भूमीची जणू मोजदादच होय. सुरण, माडी, कारांदे, नीरफणस, कच्ची केळी, मुळा, अळसांदे, वर तिरफळाचा वास आणि सोलांचा आंबटपणा. ज्या काळी हा पदार्थ देवाच्या नैवेद्यात स्थिर झाला, त्या काळी त्यातील प्रत्येक जिन्नस देवळाच्या घंटेचा नाद पोहोचेल एवढ्या अंतरावरच्या कुळागरात, मोरडीत किंवा परसात पिकत असे. आज त्याच खतखत्यातील भाजी घाट उतरून आलेल्या ट्रकातून येते, तांदूळ परप्रांतातील गिरणीतून येतो, आणि पुष्कळदा देवाला वाहिलेले फूलही परगावचेच असते. पाककृती आपली राहिली, पण तिच्या खालची जमीन निसटली.

नैवेद्याच्या बाबतीत आपण शुद्धाशुद्धतेचा किती बारीक विचार करतो! सोवळे कोणते, पाणी कोठले, चुलीजवळ कोणी जावे, याविषयी देवस्थानांच्या सभांतून तासन् तास वाद झालेले आहेत. परंतु हे अन्न कोणत्या मातीत उगवले, त्यावर कशाची फवारणी झाली, ते पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले, हे प्रश्न त्या सभांत निघाल्याचे ऐकिवात नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या देवस्थानापाशी, त्याच्या महाजनांपाशी आणि कुळाव्यांपाशी मिळून पडीक जमीन आहे, त्या देवस्थानाने स्वतःच्या परिसरातील शेती पुन्हा उभी करण्यासाठी आपल्या भक्तकुटुंबांची भागीदारी उभारली पाहिजे. हे परोपकाराचे काम नसून कर्तव्याचे आहे, आणि ते टाळण्यासाठी जी कारणे नित्य पुढे केली जातात त्यांतले एकही तपासणीस टिकत नाही.

प्रथम आरोग्याचा विषय घेऊ, कारण तेथे आता गाफील राहण्याची सोय उरलेली नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह-पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत साऱ्या देशाचे प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक निघाले. प्रौढ माणसांपैकी दर चारांत एक! याचे खापर केवळ बाहेरच्या भाजीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. बैठे जीवन, बेकरीचे पदार्थ, साखर, मद्य, आणि शेतीचे श्रम सुटूनही तेवढाच राहिलेला भात ही सारी कारणे त्यात आहेत. परंतु ताटातून काय गेले याचाही हिशोब मांडायला नको काय? सकाळची उकड्या तांदळाची पेज गेली. कुळीथ आणि अळसांदे मागे पडले. परसातली तांबडी भाजी, वाल, दोडकी, तवशी ही ऋतूप्रमाणे येणारी भाजी जाऊन बारमाही बटाटा आला. तांदळाचा कोंडा काढून टाकला की काय होते हे आइकमन या डच वैद्याने जावा बेटात कोंबड्यांना पॉलिशचा तांदूळ चारून १८९० च्या दशकात पाहिले होते, आणि त्या कामाबद्दल त्यास १९२९ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात उतरवणारी भात उकडण्याची रीत आमच्या आज्यांना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून अवगत होती. आम्ही ती गावंढळ म्हणून टाकली, आणि आता औषधाच्या दुकानापुढे रांग लावली आहे.

अन्नाचा पुरवठा दूरवर गेला म्हणजे काय होते याचा पाठ मार्च २०२० मध्ये आपल्याला मिळालाच आहे. टाळेबंदीने सीमेवरची वाहने थांबली, आणि दोन-चार दिवसांतच गोव्यातील सुखवस्तू घरांतूनही भाजीची विवंचना सुरू झाली. पैसा होता, शीतपेटी होती, पण तीत ठेवायला काही नव्हते. त्या दिवसांत ज्यांच्या परसात चार अळू आणि एक शेवगा होता, तेच श्रीमंत ठरले. संकट सरले आणि तो पाठही विसरला गेला.

आता जमिनीकडे वळू. देव आणि शेत यांचा संबंध आपल्याकडे आलंकारिक नव्हता. बांदोड्याच्या नागेशीच्या देवळातील शके १३३५ चा, म्हणजे इ.स. १४१३ चा, शिलालेख देवस्थानास दिलेल्या दानाची नोंद करतो. गावकरी ही संस्था तर जमिनीवरच उभी होती. पोर्तुगिजांनी १५२६ साली अफोंसो मेशियाच्या फोरालात तिचे रीतिरिवाज लिहून काढले, ते ती संस्था त्यांच्या येण्यापूर्वीच परिपक्व झाली होती म्हणून. सामाईक शेते लिलावाने कसायला द्यायची, बांध आणि मानशी राखायच्या, देवाचा खर्च भागवायचा आणि उरलेले जोण म्हणून वाटून घ्यायचे, असा तो क्रम होता. पुढे १५४१ साली तिसवाडीतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न राजसत्तेने हिसकावून ख्रिस्ती धर्मसंस्थेकडे वळवले. देव नदी ओलांडून अंत्रुजात आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. हा इतिहास आपण जत्रेच्या प्रत्येक पुस्तिकेत छापतो, आणि तो वाचताना आपले डोळे ओलावतात. परंतु जे त्यांनी बळाने घेतले तेच आपण आळसाने घालवीत आहोत, ही गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत छापली जात नाही. आमची शेते आज कोणा परकीय व्हाइसरॉयने ओसाड केलेली नाहीत.

खाजन जमिनींचेच पाहा. गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन आहे. समुद्राच्या भरतीला बांध घालून आणि मानशीच्या दारांनी पाणी आत-बाहेर करून पूर्वजांनी मिळवलेली ही भूमी आहे. कोरगुट हे भात याच खाऱ्या मातीचे लेकरू. शिरोडा-बोरीपासून सासष्टी-तिसवाडीपर्यंत यांतले कित्येक बांध आज फुटके आहेत. कोठे मानशीतल्या मासळीच्या लिलावाचे पैसे भातापेक्षा गोड लागतात, म्हणून खारे पाणी आत ठेवले जाते. मग दाणा जातो, खारफुटी येते, आणि एकदा ती वाढली की कायदा ती तोडू देत नाही. बांध फुटतो तो वर्षा-दोन वर्षांत, पण त्यामुळे गेलेले शेत पिढ्यान् पिढ्या परत येत नाही.

यावर उपाय काय? जगात इतरत्र या प्रश्नाला सामान्य गृहस्थांनी दिलेले एक उत्तर पाहण्यासारखे आहे. जपानात १९७१ साली सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली, आणि तिच्या प्रेरणेने तेइकेई नावाची पद्धत रुजली. शहरातली कुटुंबे एखाद्या शेतकऱ्याशी थेट बांधून घेत आणि त्याच्या शेतात जे पिकेल ते स्वीकारीत. जिनिव्हाजवळ १९७८ साली अशीच सहकारी बाग निघाली, आणि १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांत अशा पहिल्या वाड्या सुरू झाल्या. पद्धत अगदी साधी आहे. पेरणीपूर्वी हंगामाचा एकूण खर्च मांडायचा, तो कुटुंबांत वाटायचा, प्रत्येकाने आपला वाटा आगाऊ भरायचा, आणि पीक आल्यावर प्रत्येकाने आपल्या वाट्याचे धान्य व भाजी न्यायची. पीक उदंड आले तर सर्वांना उदंड मिळते, आणि पुराने नेले तर सर्वांनाच थोडे कमी मिळते.

कायद्याच्या दृष्टीने यातले मर्म शेवटच्या वाक्यात आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे मालाची मालकी खरेदीदाराकडे जाईपर्यंत, वेगळा करार नसेल तर, जोखीम विकणाऱ्याची असते. म्हणजे बाजाराच्या व्यवहारात ढगफुटी, गवे, रानडुकरे, माकडे आणि करपा हे सारे एकट्या शेतकऱ्याच्या माथी येते, आणि आपण मात्र भाव चढला म्हणून कुरकुरत पिशवी भरतो. वरील पद्धतीत ही जोखीम खाणारे सगळे मिळून वाहतात. यात परकीय असे काय आहे? गावकरी आणि जोण यांच्या वारसांनी हे न्यू हॅम्पशायरकडून शिकावे लागावे, ही थोडी लाजेचीच गोष्ट आहे. आगाऊ भरण्याचे म्हणाल, तर शाश्वत पूजेसाठी आपण देवस्थानात एकरकमी पैसे ठेवतो, ते पुढच्या पिढ्यांतही त्या तिथीस अभिषेक होईल या भरवशावर. जो भरवसा अभिषेकाच्या बाबतीत शतकभरासाठी ठेवता येतो, तो भाताच्या बाबतीत पाच महिन्यांसाठी का ठेवता येऊ नये?

आता आक्षेपांचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप : बेळगावची भाजी स्वस्त पडते. पडते खरी, आणि बेळगावच्या शेतकऱ्याशी आमचे वैर नाही. त्याने आजवर गोव्याला जेवू घातले आहे, आणि या मासिकाचे अनेक वाचक त्याचेच आप्त आहेत. पण ती स्वस्ताई कोठून येते हेही पाहावे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर मिळणारी भाजी सरकारी अनुदानामुळे स्वस्त असते, म्हणजे आपण तिचे पैसे दोनदा देतो, एकदा गाड्यावर आणि एकदा करात. शिवाय बेळगावच्या शेतकऱ्यानेही आपल्या शहराशी आणि आपल्या देवळाशी असाच करार करावा, असे मी म्हणेन. घाट चढउतार करणाऱ्या मध्यस्थापेक्षा त्याला तो अधिक लाभाचा होईल.

दुसरा आक्षेप : माणसे मिळत नाहीत. जे काम तोट्याचे आणि अप्रतिष्ठेचे करून ठेवले आहे त्या कामाला माणसे मिळणार कशी? हंगामापूर्वीच मजुरीची रक्कम जमा असेल, यंत्र सामाईक भाड्याने आणता येत असेल, आणि पिकाचा ग्राहक नक्की असेल, तर शेती हा नोकरीइतकाच स्थिर उद्योग होऊ शकतो. आपल्या मुलांना विलायतेच्या जहाजांवर भांडी विसळण्याची लाज वाटत नाही. चिखलात उतरण्याची वाटते, ती आपणच शिकवली म्हणून.

तिसरा आक्षेप माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी वाढवलेला आहे : जमीन दुसऱ्याच्या हाती दिली की कूळ लागेल. १९६४ चा कूळकायदा आणि कसणाऱ्या कुळास खरेदीदार मानणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांचा बागुलबुवा दाखवून भाटकारांनी अर्धशतकभर शेते पडीक ठेवली. या भीतीचा उपाय कायद्यातच आहे. जो मालकाच्या देखरेखीखाली वेतनावर काम करतो, आणि ज्याचे वेतन पिकाच्या हिश्शात ठरलेले नाही, त्यास कायदा कूळ मानीत नाही. २००१ च्या गोवा सहकार अधिनियमाखाली संस्था नोंदवावी, लेखी वेतन द्यावे, हजेरी ठेवावी. यात असाध्य असे काहीच नाही. आणि जेथे कुळाचा हक्क आधीच आहे, तेथे तो हक्क नम्रपणे मान्य करावा. ती जमीन त्याची आहे. त्याच्यावर दावा लावण्याऐवजी त्याच्या अंगणात जाऊन, ‘तुम्ही पिकवा, आम्ही आगाऊ पैसे भरतो’ असे म्हणावे. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये यासाठी २०२३ साली वेगळा कायदाही झाला. पण कायदा फार तर विक्री अडवील, तो नांगर धरणार नाही. विकता न येणारी पण पडीक असलेली जमीन आज ना उद्या पळवाट काढणाऱ्याच्या घशात जाते, हे आपण रोज पाहतो.

चौथा आक्षेप : देवाचा पैसा धर्मकृत्यालाच लागावा. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी हे लिहीत आहे. गर्भागृहाच्या दारावर आधीच चांदी असताना ती पुन्हा मढवणे, जुनी लाकडी कलाकुसर काढून संगमरवर बसवणे, अग्रशाळेला वातानुकूलित खोल्या जोडणे, ही धर्मकृत्ये आणि देवाला स्वतःच्या शेतातले नवे कणीस वाहणे हे मात्र धर्मबाह्य, हा न्याय कोठला? नव्याच्या विधीला आपण भाताच्या लोंब्या देवळात आणतो. त्या कोणाच्या शेतातून आणायच्या याची शोधाशोध करावी लागण्याची पाळी अनेक गावांत आली आहे. चतुर्थीच्या माटोळीचेही तेच. १९३३ च्या माझानी नियमांप्रमाणे देवालयाचा अर्थसंकल्प मामलेदारापुढे जातो. त्यात रोषणाईची बाब मंजूर होऊ शकते, तर बियाणे आणि बांधदुरुस्ती यांची बाब मांडून तर पाहा. मांडलीच नाही तर नाकारली असे कसे म्हणता येईल?

पाचवा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो सर्वांत खरा आहे. ही योजना म्हणजे महाजनांची नवी भाटकारशाही होईल, जमीन आमची, घाम त्यांचा, आणि ताट पुन्हा आमचेच. ही शंका घेण्याचा कष्टकऱ्यांना पूर्ण अधिकार आहे, कारण इतिहास त्यांच्या बाजूचा आहे. ज्या हातांनी देवाचे भात पिकवले त्या हातांना देवळाच्या आत कोठवर येऊ दिले जात असे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणून या संस्थेची पहिली अट अशी असावी की कसणारा हा सभासद असेल, त्याला मत असेल, व्यवस्थापक मंडळात निम्म्या जागा कसणाऱ्यांच्या असतील, आणि तयार धान्याचा वाटा त्यालाही इतरांइतकाच मिळेल. पंक्तीत तो शेजारी बसेल, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ज्या महाजनांस ही अट जड वाटते त्यांनी ही योजना हाती घेऊच नये, कारण त्यांच्या हातून ती बुडेल आणि बुडावीच. तसेच खाजनाचा बांध एकच असतो, त्याच्या एका बाजूस हिंदूचे आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती शेजाऱ्याचे शेत असते. तोही नव्या कणसाचा सण करतो. बांध राखण्याच्या कामी धर्म विचारणाऱ्याचे शेत दोघांच्याही आधी बुडते.

योजनेचा आवाका भयंकर नाही, हे दाखवण्यापुरता हिशोब मांडतो. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्यास २५ किलो, म्हणजे वर्षाला ३०० किलो तांदूळ लागतो असे धरा. पन्नास कुटुंबांना १५ हजार किलो लागेल. हेक्टरी तीन टन भात आणि त्यातून दोन टन तांदूळ निघतो असे गृहीत धरले, तर साडेसात हेक्टर शेत पुरते. कोरगुटाचे पीक याहून कमी येते, म्हणून त्याला अधिक क्षेत्र धरावे, अथवा जुने गोव्यातील कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या गोवा धान जातींची त्याला जोड द्यावी. पहिल्या वर्षी निम्माच तांदूळ घ्या, म्हणजे चार हेक्टरांचाच प्रश्न उरतो. सरद भातानंतर त्याच शेतात वायंगणाच्या पाण्याप्रमाणे अळसांदे, तांबडी भाजी, मुळा, मिरची, भेंडी घ्यावी. दर रविवारी देवळाच्या प्रांगणात वाटप व्हावे, आणि पहिला वाटा नैवेद्याच्या कोठीत जावा. हंगामाच्या शेवटी जमाखर्च सभामंडपाच्या भिंतीवर लावावा, कारण सहकार बुडतो तो पावसाने नव्हे, झाकलेल्या वहीने.

हे आरोग्य चार महिन्यांत सुधारेल असे सांगणारा मनुष्य वैदू असेल, वकील नव्हे. पण ज्या घरात आठवड्याला ऋतूची पाच भाज्यांची टोपली येते, तेथे ती शिजतेच. ज्या मुलाने रविवारी शेतावर जाऊन मुळा उपटला, ते मूल तो मुळा खाते. आणि ज्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, त्यांना बांधावरून चालण्यास निदान कारण मिळते.

प्रत्येक देवस्थानाची वार्षिक महाजनसभा होतच असते. येत्या सभेत एका महाजनाने उठून एवढेच विचारावे : देवस्थानाची जमीन किती, त्यातील पिकाखाली किती, पडीक किती, आणि गेल्या वर्षी नैवेद्यासाठी व समाराधनेसाठी किती रुपयांचे धान्य व भाजी कोठून विकत घेतली? या चार प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. ती नोंद झाली की पुढच्या सभेत पन्नास कुटुंबांची यादी करणे फारसे कठीण जाणार नाही. आणि उत्तर देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर देवाच्या नावावर असलेल्या जमिनीचा हिशोब मागण्याचा प्रत्येक महाजनाला अधिकार आहे. तो अधिकार वापरावा.